बाथरूमच्या फरशीच्या दरजा: सीलर मारू, एपॉक्सी भरू की आणखी काही?

निळी_बादली | ११ फेब्रुवारी, रात्री १०:२०

मंडळी, सल्ला हवा आहे. ठाण्यात २०१० सालची इमारत, आमचा दुसरा मजला. कॉमन बाथरूम साधारण चार बाय सात फूट. खाली १२ इंची खरखरीत अँटीस्किड फरशी, भिंतींना १२ बाय १८ च्या गुळगुळीत टाइल्स. बिल्डरने दरजा पांढऱ्या सिमेंटने भरल्या होत्या. त्या आता कुठे काळ्या, कुठे पिवळ्या. नहाणीच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीच्या, बाजूला तर नखाने ओढलं तरी भुगा निघतो.

इतके दिवस नुसतं वाईट दिसतं म्हणून दुर्लक्ष केलं. मागच्या आठवड्यात खालच्या काकू वर आल्या. मोबाइलमध्ये त्यांच्या बाथरूमच्या छताचा फोटो, बशीएवढा ओला डाग. भांडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "मी कडेने पेन्सिलची रेघ मारून तारीख घातली आहे गं. वाढला की सांगते."

एका वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. तो दारातूनच बघून म्हणाला, "मॅडम, जॉइंट उघडे पडलेत. एपॉक्सी मारून वरून सीलर मारतो, बावीस हजार, पाच वर्षं बघायला नको." बावीस हजार ऐकून मी व्हिडिओ बघायला बसले. त्यात एक गोरा आजोबा छोट्याशा ब्रशने दरजांवर सीलर लावतो आणि वीस मिनिटांत काम संपवतो. हे मी शनिवारी-रविवारी घरच्या घरी करू शकते का? सीलर कुठला घेऊ?

रविवारचा_सुतार | ११ फेब्रुवारी, रात्री १०:५५

नक्की करू शकता. पण सीलरच्या भानगडीत पडू नका, थेट एपॉक्सी भरा. मी दोन्ही बाथरूम स्वतः केली आहेत. एपॉक्सी ग्राउट, म्हणजे दरजा भरायचा राळेचा माल, पाणी पीत नाही, त्यामुळे त्यावर सीलर लागतच नाही. तुमचा माणूस "वरून सीलर मारतो" म्हणाला म्हणजे एक तर त्याला माहिती नाही, नाही तर बिल फुगवतोय.

एडिसनकरीण | १२ फेब्रुवारी, पहाटे ५:१०

आमच्याकडे न्यू जर्सीत सिमेंट ग्राउटवर सीलर मारणं हे दर वर्षा-दोन वर्षांचं काम आहे, बागेतली पानं गोळा करण्यासारखं. आधी ग्राउटवर पाण्याचे चार थेंब टाकून पाच मिनिटं थांबायचं. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर सीलर अजून शाबूत आहे. शोषले जाऊन दरज गडद झाली की पुन्हा मारायची वेळ. मारताना पंधरा मिनिटांनी टाइलवर सांडलेला सीलर कोरड्या फडक्याने पुसायला विसरू नका, नाहीतर पांढरट चट्टे राहतात. वीस मिनिटांचं काम आहे हे खरं, पण त्याआधी ग्राउट ठणठणीत कोरडं असावं लागतं.

पेठेतला | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करून घासा. आमच्या आईने चाळीस वर्षं दुसरं काही वापरलं नाही.

दगडमाती | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

निळी_बादली ताई, मी छत्तीस वर्षं इमारतींच्या साइटवर काढली, आता घरी बसून लोकांच्या गळत्या ऐकतो. वर सगळ्यांनी चांगल्या मनाने लिहिलं आहे, पण तुमचे प्रश्न दोन आहेत आणि ते एकात मिसळले आहेत. दरजा काळ्या पडणं हा एक. काकूंच्या छतावरचा डाग हा दुसरा. पहिला सुटला म्हणजे दुसरा सुटतोच असं नाही.

आपल्या बाथरूमच्या पोटात काय असतं ते आधी समजून घ्या. तुमच्या वयाच्या इमारतीत बहुतेक वेळा बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा फूटभर खाली घेतलेला असतो, त्याला साइटवर संक म्हणतात. त्या खड्ड्यात वॉटरप्रूफिंग, त्यावर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा, त्यातून जाणारे सांडपाण्याचे पाइप, वर माल आणि सगळ्यात वर तुमची फरशी. पाणी अडवायचं काम खालच्या थराचं. फरशी आणि दरजा म्हणजे अंगावरचा रेनकोट नव्हे, सदरा. सिमेंटच्या दरजेतून थोडं पाणी झिरपणारच. खालचा थर धड असेल तर ते खाली काकूंकडे जात नाही.

आता सीलर म्हणजे काय? चांगला सीलर सिलेन-सिलॉक्सेन जातीचा असतो. तो सिमेंटच्या बारीक छिद्रांत शिरतो आणि आतून पाणी न चिकटणारा लेप देतो. छत्रीच्या कापडाला मेण लावल्यासारखं. कापड धड असेल तर पाणी ओघळून जाईल, पण छत्रीला भोक असेल तर मेणाने ते बुजत नाही. तुमच्या नहाणीजवळ भुगा निघतोय, म्हणजे तिथे भोक आहे. त्यावर सीलर मारणं म्हणजे पैसे मोरीत ओतणं.

आणि ते गोरे आजोबा. त्यांच्याकडे बाथरूमची जमीन कोरडी असते, पाणी टबात नाहीतर काचेच्या खोलीत. आपण अख्ख्या जमिनीवर बादली-तांब्याने आंघोळ करतो, वर कपडे धुतो, वर फरशी घासतो. तो ब्रश इथे पुरायचा नाही.

बावीस हजार द्यायच्या आधी पाणी कुठून जातंय ते शोधा. सांगतो कसं, जेवून येतो.

चहाबाज | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

"सदरा, रेनकोट नव्हे" हे फ्रेम करून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावतो. वाचनखूण साठवली आहे.

रविवारचा_सुतार | १२ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

पेठेतला, लिंबू आणि सोडा एकत्र केले की फेस येतो आणि दोघं एकमेकांना संपवतात, उरतं खारट पाणी. घासायची मेहनत आईंची होती, सोड्याची नाही (हलकेच घ्या). आणि नुसतं लिंबू, व्हिनेगर किंवा बाटलीतलं ॲसिड सिमेंटच्या दरजेवर कधीच नको. सिमेंटमधला चुना ॲसिडमध्ये विरघळतो. दर रविवारी ॲसिड ओतून चकाचक करणाऱ्यांच्या दरजा तीन-चार वर्षांत पोकळ झालेल्या मी पाहिल्या आहेत.

बुरशी असेल तर पातळ केलेलं ब्लीच, दहा मिनिटं, खिडकी उघडी ठेवून. पण टॉयलेट क्लीनरबरोबर ते कधीही मिसळू नका. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ब्लीचशी गाठ पडली की क्लोरीन वायू होतो. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

पेठेतला | १२ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

आईला सांगतो. ती ऐकणार नाही.

दगडमाती | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:५०

हां, तर शोध. खर्च शून्य, पण घाई केलीत तर काहीच कळणार नाही.

पहिलं, चार दिवस ते बाथरूम पूर्ण बंद. आंघोळ दुसऱ्यात. पण त्या बाथरूमच्या पाण्याचा मेन कॉक चालूच ठेवा. चार दिवसांत डाग फिकट होऊ लागला तर भिंतीतली नळाची लाइन बहुधा ठीक आहे, कारण तिच्यात पाणी चोवीस तास दाबाखाली असतं. वापर बंद असूनही डाग वाढतच राहिला तर दरजा विसरा आणि प्लंबर बोलवा.

दुसरं, नहाणीची जाळी काढा आणि लवचीक नळी थेट ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या पाणी उतरायच्या भांड्याच्या, घशात घालून अर्धा तास पाणी सोडा. जमिनीवर थेंब सांडू देऊ नका. खाली ओल आली तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढच्या पाइपात.

तिसरं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कापडाचा बोळा घालून ट्रॅप घट्ट बंद करा, जमिनीवर इंचभर पाणी भरा, भिंतीवर पाण्याच्या पातळीशी चिकटपट्टी लावा आणि चोवीस तास थांबा. वाफेने दोन-तीन मिलिमीटर जाईल. त्याहून जास्त गेलं तर ते काकूंकडे निघालं आहे. म्हणूनच ही परीक्षा काकूंना आधी सांगून, त्यांची बादली खाली लावून करायची.

या तिन्हींमध्ये किमान दोन-दोन दिवसांचं अंतर ठेवा. कोबा स्पंजासारखा असतो. आज पाजलेलं पाणी परवा खाली दिसतं आणि मग कुठल्या परीक्षेचा निकाल कुठला ते कळेनासं होतं.

अंधेरी_पश्चिम | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१५

पाण्यात रंग टाका ना. होळी आलीच आहे.

दगडमाती | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

टाकतात लोक. बरेचदा रंग कोब्यातच अडकतो आणि खाली स्वच्छ पाणी येतं, मग "आमचं पाणी नाहीच" म्हणून वरचे भांडायला मोकळे. आणि आलाच रंग तर छत गुलाबी केल्याबद्दल वेगळं भांडण.

वकिलीणबाई | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

भांडणाचा विषय निघालाच आहे म्हणून. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते. संडास-बाथरूम-सिंक यांची घराच्या आतली गळती ज्याच्या घरातली असेल त्याने. तेव्हा ताई, खर्च तुमचाच.

ज्यांची घरं नवी आहेत त्यांच्यासाठी: स्थावर संपदा कायदा २०१६, कलम १४(३). ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला तर तीस दिवसांत, पैसे न घेता, तो त्याने दुरुस्त करून द्यायचा असतो. लेखी कळवा, तारीख घाला, फोटो ठेवा. आणि त्याआधी स्वतःच्या हौसेने फरशी फोडून बसू नका, नाहीतर तो म्हणेल तुम्हीच फोडली.

वेंगुर्लेकर | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

आमच्या जुन्या घरातली मोरी आठवली. शहाबादी फरशी, दरजा बोटभर रुंद, सगळं पाणी भिंतीच्या भोकातून मागच्या अळवात आणि कर्दळीत. गळतीची तक्रार कोण करणार, कर्दळ?

अवांतर माफ करा. कामाचं एवढंच: जे काही कराल ते मे संपायच्या आत करा. आमच्याकडे पावसाळ्यात दरज आठ-आठ दिवस वाळत नाही, आणि ओल्या दरजेत सीलर आत शिरत नाही. कोपऱ्यांत भरायचं सिलिकॉनही ओल्या जागेला धरत नाही, महिन्याभरात सालीसारखं सुटून येतं.

निळी_बादली | २८ फेब्रुवारी, रात्री ९:४५

अहवाल. दगडमाती काका, तुम्ही सांगितलं तस्संच केलं. घरच्यांनी सहकार्य केलं असं म्हणणार नाही.

चार दिवस बंद: काकूंच्या म्हणण्यानुसार डाग फिकट, रेघेच्या आत. म्हणजे नळाची लाइन सुटली.

ट्रॅपमध्ये नळी घालून अर्धा तास: तीन दिवस वाट पाहिली, खाली काही नाही.

मग पाणी साठवलं. सकाळी सातला चिकटपट्टी लावली. दुपारी पाणी पट्टीच्या खाली सरकलेलं. रात्री दहापर्यंत निम्म्याहून अधिक गायब. तेवढ्यात काकूंचा फोन, "आलं गं बाई, थेंब पडायला लागला." आवाजात इतका आनंद होता की परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

लगेच बोळा काढून पाणी सोडून दिलं. नंतर जाळी उचलून टॉर्च मारला. ट्रॅपच्या नळकांड्याभोवती फरशी गोल कापली आहे, आणि फरशी आणि नळकांडं यांच्यामध्ये सिमेंटच नाही. एका बाजूला माझी करंगळी पेरापर्यंत आत गेली. आत ओली वाळू, दोन केस आणि साबणाचा चिकटा.

दगडमाती | १ मार्च, सकाळी ७:३०

सापडला चोर. मी पाहिलेल्या गळत्यांत ही जागा फार वेळा निघते. पाणी जाळीपर्यंत येतं आणि ट्रॅपमध्ये पडण्याऐवजी कडेने फरशीखाली जातं. तिथल्या दरजेतून जन्मभरात गेलं नसतं एवढं पाणी रोज त्या फटीतून जात असणार. तो माणूस दारातून न बघता जाळी उचलून बघता तर त्यालाही दिसलं असतं.

आता दोन मार्ग. पक्का मार्ग म्हणजे अख्खी जमीन फोडून कोबा काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करणं. खर्च बराच, पंधरा-वीस दिवस धूळ. मधला मार्ग म्हणजे ट्रॅपभोवतीच्या चारच फरश्या काढून तो भाग दुरुस्त करणं. इमारत पंधरा-सोळा वर्षांची आहे, बाकी कुठे बद्द आवाज येत नाही ना बघा. लाकडी दांड्याने प्रत्येक फरशी ठोका. खणखणीत म्हणजे चिकटलेली, बद्द म्हणजे खाली पोकळ. पोकळ फारशा नसतील तर मी मधला मार्ग आधी करून बघेन.

गवंड्याकडून हे करून घ्या: फरश्या काढल्यावर सुटा माल पूर्ण खरवडून धुऊन काढायचा. नळकांड्याभोवतीची फट आक्रसून न जाणाऱ्या ग्राउटने ठासून भरायची, साध्या सिमेंटने नाही, ते वाळताना आक्रसतं आणि पुन्हा केसाएवढी फट पडते. कोपरा गोलसर करून त्यावर पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, दुसरा हात पहिल्याच्या आडवा. वाळलं की फरशी बसवायच्या आधी तेवढ्याच भागात पाणी साठवून चोवीस तास बघायचं. गवंडी कुरकुरेल, "रोज वाया जातो." जाऊ द्या, एक रोज जास्त द्या.

आणि नवी फरशी बसवताना नहाणीकडे ढाळ नीट आहे ना बघा. गोटी सोडून बघायची, कुठूनही सोडली तरी जाळीकडे आली पाहिजे.

निळी_बादली | २१ मार्च, रात्री ८:१५

झालं. अठ्ठावीस फरश्यांत दोनच बद्द निघाल्या, त्याही नहाणीजवळच्याच. गवंडी दोन दिवस आणि तुम्ही म्हणालात तो जास्तीचा एक रोज. २०१० ची फरशी आता कुठेच मिळत नाही, म्हणून चार फरश्या करड्या आणि बाकी बदामी. मुलगी म्हणते बाथरूमला खिडकी पाडल्यासारखी दिसते.

पण काका, एक भीती. काम होऊन आठ दिवस झाले, काकूंचा डाग अजून ओलाच आहे.

दगडमाती | २२ मार्च, सकाळी ७:१०

असणारच. कोबा वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसला आहे. नळ बंद केला तरी पिळलेला कपडा टपकत राहतो ना, तसं. चार ते सहा आठवडे लागू शकतात. काकूंना सांगा की आता रेघ वाढत नाही एवढंच बघायचं. या काळात घाबरून दुसऱ्या कुणाला बोलावून स्लॅबला भोकं पाडून केमिकल भरू देऊ नका.

आता खुशाल दरजांकडे वळा. आता ते काम दिसण्याचं आणि स्वच्छतेचं आहे, त्यामुळे मनाला ताण नाही.

रविवारचा_सुतार | २२ मार्च, सकाळी १०:४०

माझी पाळी! ताई, आधी माल किती लागेल ते काढू, दुकानदार पाच किलोची बादली गळ्यात मारेल.

जमीन अठ्ठावीस चौरस फूट, १२ इंची फरशी, म्हणजे दरजांची लांबी अंदाजे ५६ फूट, १७ मीटर. खरवडल्यावर दरज ३ मिलिमीटर रुंद, ४ मिलिमीटर खोल धरली तर १७०० × ०.३ × ०.४, म्हणजे साधारण २०४ घन सेंटिमीटर. एपॉक्सी ग्राउट एका घन सेंटिमीटरला दीडएक ग्रॅम भरतं. म्हणजे तीनशेएक ग्रॅम. भिंतींचा खालचा तीन फुटांचा पट्टा केलात तर आणखी अर्धा किलो. वाया जाणारं धरून एक-एक किलोचे दोन पॅक पुरेत. कंपनी रॉफ घ्या किंवा लॅटिक्रीट, काम हाताच्या सवयीवर आहे.

जुनं सिमेंट काढायला ग्राउट रेक मिळतो, नाही मिळाला तर हॅकसॉ ब्लेडचा तुकडा एका टोकाला कापड गुंडाळून. ग्राइंडरला हात लावू नका, नवख्या हातात तो फरशीची कड उडवतो आणि भिंतीत पाइप असतात. मास्क घाला. निदान ३ मिलिमीटर खोल गेलंच पाहिजे, नुसतं वरून फासलेलं एपॉक्सी पापडासारखं सुटतं. मग ब्रशने भुगा काढून दोन दिवस पंखा लावून वाळवा.

एपॉक्सीत राळ, हार्डनर आणि भुकटी असे तीन भाग असतात. एकत्र झाले की घड्याळ सुरू. थंडीत पाऊण तास मिळेल, एप्रिलच्या उकाड्यात त्याच्या निम्माच. सकाळी लवकर करा आणि अर्धाच माल कालवा, वजनकाट्यावर मोजून. रबरी हातमोजे हवेतच, राळेने काही जणांच्या कातडीला कायमची ॲलर्जी होते.

जमीन आणि भिंत मिळते तो कोपरा, आणि भिंत-भिंत कोपरा, तिथे ग्राउट नको. दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, कडक माल तडकतो. तिथे बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन. संगमरवरी उंबरठा असेल तर न्यूट्रल जातीचं मागा. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन संगमरवराला खातं.

एडिसनकरीण | २३ मार्च, पहाटे ४:३०

मग सीलर अगदीच बाद? मला वाईट वाटतंय.

रविवारचा_सुतार | २३ मार्च, सकाळी ८:००

बाद नाही. ज्यांच्या सिमेंटच्या दरजा धड आहेत, नुसत्या डाग धरतात, त्यांनी सीलरच मारावा, स्वस्त आणि सोपा. कोटा, कडप्पा, संगमरवर असेल तर दगडालाही सीलर लागतो, कारण तो पाणी आणि तेल पितो. चकचकीत टाइलच्या पृष्ठभागावर मात्र सीलर शिरायला जागाच नसते, वर नुसता चिकट थर बसतो. आणि ते जे "पारदर्शक स्प्रे, मारा आणि गळती गायब" विकतात, ते ओल्या फरशीवर घसरडं होतं. घरात म्हातारी माणसं असतील तर अजिबात नको.

निळी_बादली | ६ एप्रिल, रात्री ११:३०

सुतारदादा, तुम्ही अर्धाच माल ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मी वाचलं होतं. तरीही.

जमिनीच्या चार-पाच रांगा अर्ध्या मालाने इतक्या छान झाल्या की मला वाटलं आपण जन्मजात गवंडी आहोत. मग दुसरा अख्खा किलो एकदम कालवला. त्यात दाराची बेल वाजली, गॅसवाला. परत आले तोवर डबा हाताला गरम लागत होता आणि माल चिक्कीच्या पाकासारखा. घाईघाईने उरलेल्या दरजांत कोंबला. पुसायला घेतलं तर गुळगुळीत भिंतीवरून निघाला, पण अँटीस्किड फरशीच्या खाचांत बसला तो बसलाच. सकाळी पाय ठेवला तर कोरड्या जमिनीवर चर्र चर्र आवाज, आणि उजेडात दुधाची साय धरल्यासारखा पांढरट पडदा.

काय करू? ॲसिड?

दगडमाती | ७ एप्रिल, सकाळी ६:५५

ॲसिड नाही!! एपॉक्सीला ते काही करणार नाही, बाकीच्या फरशीचं आणि तुमच्या फुप्फुसांचं करेल. एपॉक्सीची साय काढायचं खास क्लीनर त्याच ग्राउटच्या दुकानात मिळतं. आजच आणा, आठवडा उलटला की साय पूर्ण पिकते. डब्यावर लिहिलं आहे तेवढाच वेळ ठेवायचं, नायलॉनचा खरखरीत स्क्रबर, थोडी-थोडी जागा. तारेची घासणी नको, तिचे कण राहून गंजाचे ठिपके पडतात.

निळी_बादली | ९ एप्रिल, रात्री १०:१०

निघाली. नव्वद टक्के. तीन संध्याकाळ गुडघ्यांवर बसून. दाराजवळच्या दोन फरश्यांवर अजून साय आहे, तिथे पायपुसणं टाकलं आहे.

हिशेब हवा होता कुणाला तरी: गवंडी आणि साहित्य नऊ हजार, एपॉक्सी, क्लीनर, सिलिकॉन, रेक, हातमोजे मिळून दोन हजार सहाशे. गुडघ्याला लावायचं मलम वेगळं.

चहाबाज | १० एप्रिल, सकाळी ९:००

तो बावीस हजारवाला फक्त दरजा भरून गेला असता आणि ट्रॅपची फट तशीच राहिली असती, हे लक्षात येतंय ना सगळ्यांच्या?

पेठेतला | १० एप्रिल, सकाळी ९:२५

आईने ब्लीच ऐकलं. लिंबू सोडलं नाही, पण आता सरबत करते.

निळी_बादली | ७ जून, संध्याकाळी ७:२०

धागा वर काढतेय. काल काकूंनी घरी बोलावलं. छत कोरडं आहे, पोपडे निघालेत तेवढेच. पेन्सिलच्या तीन रेघा आहेत, एकात एक, प्रत्येकीवर तारीख, बाहेरची २५ फेब्रुवारीची, आपण पाणी साठवलं त्या रात्रीची. रंगारी आला होता, त्याने सगळं एका दिवसात पांढरं करतो म्हटलं. काकूंनी बाकीचं छत रंगवून घेतलं आणि तेवढा बशीचा तुकडा सोडायला लावला. म्हणाल्या, "गणपती होऊ दे, मग बघू."